भाव किती वेळ टिकला?

रोडपालीला लागून असलेल्या कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये सळई, पत्रा, अँगल यांचे सौदे रोज होतात. पण आज कुठल्या भावाला सगळ्यांत जास्त माल गेला आणि तो भाव किती वेळ टिकला, हे संध्याकाळी कोणी विचारलं तर नेमकं सांगणं कुणालाच जमणार नाही. तिथला भाव दोघांत ठरतो. त्यात उधारीचे दिवस मिसळलेले असतात, गाडीभाडं असतं, मालाचा दर्जा असतो, जुनी ओळखही असते. याच परिसरातल्या एखाद्या घरात बसून निफ्टीच्या वायद्याचे सौदे करणाऱ्या माणसासमोर मात्र प्रत्येक सौद्याचा भाव, वेळ आणि नग यांची नोंद खुली असते. ही नोंद आपण बहुधा एकाच पद्धतीने पाहतो: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर भाव आणि मध्ये लाल-हिरव्या कँडल. दुसऱ्या पद्धतीत वेळेचा अक्ष मोडून टाकतात आणि प्रत्येक भावासमोर बाजाराने तिथे घालवलेला वेळ रचतात. त्यातून डोंगरासारखी एक आडवी आकृती तयार होते. तिला मार्केट प्रोफाइल म्हणतात. मराठी ट्रेडरांच्या वर्गांत आणि व्हिडिओंत गेली काही वर्षं तिचा बोलबाला आहे. ती नक्की काय सांगते, काय सांगत नाही आणि आपल्या बाजारात तिची कुठे फसगत होते, याचा हा आढावा.

ही पद्धत शिकागोची. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडच्या पिटमध्ये 1960च्या दशकापासून सौदे करणारे पीटर स्टाइडलमायर यांनी ती बांधली आणि 1980च्या दशकाच्या मध्यावर त्या एक्स्चेंजने ती लोकांसमोर आणली. भाव वेगळा आणि मूल्य वेगळं, ही बेंजामिन ग्रॅहम यांची शिकवण. ग्रॅहम वर्षांच्या हिशेबाने बोलत होते. स्टाइडलमायरनी तोच फरक एका दिवसाच्या व्यवहारात शोधला. त्यांचं सूत्र छोटं आहे: भाव अधिक वेळ म्हणजे मूल्य. एखादा भाव क्षणभर दिसला तर ती नुसती बोली असते. त्याच भावाला खरेदीदार आणि विक्रेते दोघेही बराच वेळ सौदे करत राहिले तर बाजाराने तो भाव मान्य केला, असं समजायचं. केव्हिन कॉय यांच्यासह 1986 साली लिहिलेल्या 'मार्केट्स अँड मार्केट लॉजिक' या पुस्तकात त्यांनी हा विचार मांडला. पुढे जेम्स डाल्टन आणि सहकाऱ्यांच्या 1990च्या 'माइंड ओव्हर मार्केट्स'ने तो जगभरच्या ट्रेडरांपर्यंत पोचवला.

मुंबईत त्या काळी याची कल्पनाही करता येत नव्हती. दलाल स्ट्रीटच्या रिंगमध्ये जॉबर, म्हणजे तारवणीवाले, ओरडून भाव देत होते. तिथल्या भावांची मिनिटागणिक नोंद सामान्य गुंतवणूकदाराच्या हाती पडत नव्हती. नोव्हेंबर 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार संगणकावर सुरू झाला, मार्च 1995 मध्ये मुंबई शेअर बाजाराची 'बोल्ट' यंत्रणा आली, आणि भाव-वेळेची सलग नोंद आपल्याकडेही जमू लागली. जून 2000 मध्ये निफ्टीचे वायदे आल्यावर या पद्धतीला हवा तसा, उलाढालीने भरलेला सौदाही मिळाला.

आकृती बांधायची रीत अगदी सरळ आहे. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक अक्षर द्यायचं. आपला बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. म्हणजे 375 मिनिटं, बारा पूर्ण तुकडे आणि तेरावा पंधरा मिनिटांचा. सव्वानऊ ते पावणेदहा 'ए', पावणेदहा ते सव्वादहा 'बी', असं करत शेवटचा अर्धवट तुकडा 'एम'. त्या अर्ध्या तासात भाव ज्या ज्या पातळीवरून गेला, त्या प्रत्येक पातळीसमोर ते अक्षर एकदा लिहायचं. या एका अक्षराला टीपीओ म्हणतात. ज्या ओळीत सर्वाधिक अक्षरं जमतात ती पॉइंट ऑफ कंट्रोल. तिथून वर-खाली पसरत एकूण अक्षरांपैकी 70 टक्के ज्या पट्ट्यात सामावतात तो व्हॅल्यू एरिया. त्याला आपण मूल्यपट्टा म्हणू. हे 70 टक्के संख्याशास्त्रातल्या घंटाकृती वक्रावरून आले आहेत. तिथे मध्यापासून दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन इतक्या अंतरात सुमारे 68 टक्के नोंदी असतात.

पहिल्या तासाच्या पल्ल्याला, म्हणजे 'ए' आणि 'बी'च्या उंचीला, इनिशिअल बॅलन्स म्हणतात. दिवसभर भाव त्याच्या आतच फिरला की दिवस संतुलनाचा. एका बाजूने तो पल्ला मोडून भाव लांब गेला आणि परतलाच नाही की दिवस एकमार्गी. दोन फुगवटे आणि मध्ये बारीक मान दिसली तर बाजाराने दुपारी आपलं मत बदललं असं वाचतात. टोकाला एकेकटी अक्षरं असतील तर तिथे कुणीतरी जोरात नकार दिला. या प्रकारांची नावं पाठ करण्यात शिकणारे फार वेळ घालवतात. माझ्या मते त्यातलं टिकाऊ एवढंच: हा तक्ता पाहताना प्रश्न बदलतो. भाव वर गेला का, याऐवजी वर गेलेला भाव बाजाराने स्वीकारला का, असं आपण विचारू लागतो. कँडल पाहून हा प्रश्न सहसा सुचत नाही.

आता हा प्रश्न खऱ्या दिवसांवर लावून पाहू. 2024च्या लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल 1 जूनला, शनिवारी संध्याकाळी आले. सोमवारी, 3 जूनला निफ्टी शुक्रवारच्या बंदपेक्षा सुमारे 800 अंकांनी वर, 23,338च्या आसपास उघडला. पुढचे सव्वासहा तास तो अंदाजे पावणेतीनशे अंकांच्या पट्ट्यात फिरला आणि 23,264 वर बंद झाला. पुस्तकी वाचनाप्रमाणे हा स्वीकाराचा नमुना होता: मोठी गॅप, ती भरून काढायचा प्रयत्न नाही, आणि वरच्या पातळीवर दिवसभराचा वेळ. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली. निफ्टी 23,180च्या आसपास उघडला, दुपारी 21,281 पर्यंत कोसळला आणि जवळपास सहा टक्क्यांच्या घसरणीसह 21,884 वर थांबला. एका दिवसाचा पल्ला सुमारे 1,900 अंक. दहा-दहा अंकांच्या ओळी धरल्या तर 190 ओळी आणि अक्षरं तेरा. त्या आकृतीत डोंगर शोधायला जाणं व्यर्थ होतं. एक उंच, विरळ खांब तेवढा उरला. त्याला एकमार्गी घसरण म्हणून 'मूल्य खाली सरकलं' असा निष्कर्ष ज्याने काढला, त्याचंही पुढच्या तीन दिवसांत चुकलं. 7 जूनला निफ्टी 23,290 वर, म्हणजे एक्झिट पोलच्या सोमवारपेक्षाही वर बंद झाला.

हे चार-पाच दिवस मला या विषयात फार महत्त्वाचे वाटतात. 3 जूनच्या तक्त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर त्या पातळीला बाजाराची संमती होती, आणि तक्त्याने ती नोंदवली. उद्या सकाळी येणाऱ्या मतांच्या पेट्यांविषयी त्याच्याकडे काहीही नव्हतं, असणंही शक्य नव्हतं. प्रोफाइलमधला स्वीकार हा नेहमी त्या क्षणापर्यंतच्या माहितीचा स्वीकार असतो. माहिती बदलली की कालचा मूल्यपट्टा इतिहासजमा होतो. ज्या दिवसांत नवी मोठी माहिती येत नाही त्याच दिवसांत हा पट्टा उपयोगी राहतो, आणि तसे दिवस वर्षात बरेच असतात, म्हणून ही पद्धत टिकली आहे.

पण त्याहून खोल एक शंका आहे, आणि ती वर्गांत सांगितली जात नाही. एक नाणं 375 वेळा उडवा. छाप आला तर एक अंक वर, काटा आला तर एक अंक खाली. या नाणेफेकीची मिनिटं धरून प्रोफाइल काढा. बहुतेक वेळा त्यातही कुठेतरी एक-दोन फुगवटे दिसतील, टोकांना बारीक शेपट्या दिसतील, पॉइंट ऑफ कंट्रोल मिळेल आणि मूल्यपट्टाही निघेल. त्या नाण्याला मूल्याची काही जाणीव नव्हती. टोकं बारीक निघण्याचं कारण साधं आहे: दिवसाचा उच्चांक म्हणजे जिथून भाव मागे फिरला ती जागा, आणि जिथून मागे फिरला तिथे तो कमीच राहिलेला असणार. म्हणजे शेपटी दिसली एवढ्यावरून कुणी जोरदार नकार दिला हे सिद्ध होत नाही. शेजारशेजारच्या ओळींतली अक्षरंही एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, कारण भाव एका ओळीतून दुसरीत जातानाच ती उमटतात. तेरा तुकड्यांच्या अशा नोंदीवर घंटाकृती वक्राचे नियम लावणं हे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फार कच्चं काम आहे. शिवाय बाजारातली मोठी हालचाल त्या वक्रात बसते त्याहून पुष्कळ वेळा होते, हे बनुआ मँडेलब्रो यांनी 1963 सालीच कापसाच्या भावांवरून दाखवलं होतं.

मग ही सगळी आकृती टाकून द्यायची का? मला तसं वाटत नाही. तिची परीक्षा घेता येते आणि घ्यायला हवी. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत कॅरोल ऑस्लर यांनी 2000 साली परकीय चलनाच्या बाजारात असाच प्रश्न विचारला होता. नामांकित संस्था ज्या आधार-अडथळ्याच्या पातळ्या ग्राहकांना देतात, तिथे भाव अडतो तो इतर कुठल्याही मनमानी पातळीवर अडतो त्याहून जास्त वेळा का? उत्तर होकारार्थी आलं. त्या पातळ्यांवर हालचाल थबकण्याचं प्रमाण जास्त होतं. प्रोफाइलच्या पातळ्यांनाही हीच कसोटी लावायची. कालच्या मूल्यपट्ट्याच्या कडेला निफ्टी जसा वागतो, तसाच तो त्यापासून पन्नास अंक दूरच्या कुठल्याही आकड्यावर वागतो का, हे मोजायचं. प्रोफाइलवाल्यांत '80 टक्क्यांचा नियम' प्रचलित आहे: बाजार कालच्या पट्ट्याबाहेर उघडून आत आला आणि सलग दोन तुकडे आत राहिला, तर तो पट्ट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याची शक्यता 80 टक्के. हा आकडा शपथेसारखा सांगितला जातो. निफ्टीची पाच वर्षांची अर्ध्या तासाची नोंद घेऊन बसलेला कुणीही चिकाटीचा विद्यार्थी तो स्वतः मोजू शकतो, आणि मोजल्याशिवाय त्यावर एक रुपयाही लावू नये.

आपल्या बाजाराचं घड्याळही शिकागोच्या घड्याळाहून वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी दहाला येतं, म्हणजे बरोबर 'बी'च्या मध्यात. त्या दिवशी पहिल्या तासाचा पल्ला धोरणाआधी आणि धोरणानंतरच्या दोन वेगळ्या बाजारांची खिचडी असतो. अर्थसंकल्पाचं भाषण अकराला सुरू होतं, 'डी'मध्ये. युरोपचे बाजार आपल्या दुपारी साडेबाराला उघडतात, हिवाळ्यात दीडला, त्यामुळे तीच परकीय लाट उन्हाळ्यात 'जी'त आणि हिवाळ्यात 'आय'मध्ये उमटते. जानेवारी 2010 पर्यंत बाजार 9.55ला उघडायचा, म्हणून 2008च्या मंदीतले तक्ते आणि आजचे तक्ते अक्षराला अक्षर लावून ताडता येत नाहीत. 24 फेब्रुवारी 2021ला तांत्रिक बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार 11.40ला थांबले आणि दुपारी पावणेचार ते पाच असे पुन्हा सुरू झाले. त्या दिवसाची आकृती मधोमध तुटलेली आहे. 23 मार्च 2020ला बाजार पहिल्या तासातच सुमारे दहा टक्के खाली गेला आणि सर्किट ब्रेकरने तो काही काळ बंद केला. अशा बंद काळात भाव स्थिर असतो तो कुणी स्वीकारला म्हणून नव्हे. सॉफ्टवेअरला हा फरक कळत नाही, वाचणाऱ्याला कळावा लागतो.

सगळ्यांत मोठी अडचण रात्रीची आहे. जुलै 2023 पासून गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत गिफ्ट निफ्टीचे व्यवहार दिवसाचे जवळपास 21 तास चालतात. आपल्या तक्त्यात त्यातले सव्वासहा तासच असतात. सकाळची गॅप आपल्याला कोरी जागा दिसते. प्रत्यक्षात त्या भावांवर रात्रभर कुणीतरी सौदे केलेले असतात.

याच्या उलट टोकाला मल्टी कमोडिटी एक्स्चेंज आहे. तळोजा एमआयडीसीत ॲल्युमिनियम वापरणाऱ्या एखाद्या लहान कारखानदाराने कच्च्या मालाच्या भावाची जोखीम झाकायला पाच टनांचा वायदा घेतला, तर त्याचा बाजार सकाळी नऊपासून रात्री साडेअकरापर्यंत, हिवाळ्यात 11.55 पर्यंत चालतो. अर्ध्या तासाचे 29-30 तुकडे होतात आणि इंग्रजी वर्णमाला अपुरी पडते. पण त्या धातूचा भाव मुख्यतः लंडन आणि रुपया-डॉलर ठरवतात. सकाळच्या शांत तासांत भाव एका जागी पडून राहिला की अक्षरं साचतात आणि पॉइंट ऑफ कंट्रोल तिथे जाऊन बसतो, तर खरी उलाढाल संध्याकाळी दुसऱ्याच पातळीवर झालेली असते. इथे वेळेचं प्रोफाइल सरळ दिशाभूल करतं आणि नगांवर आधारलेलं व्हॉल्यूम प्रोफाइल उजवं ठरतं. निफ्टीत मात्र उलट काळजी घ्यावी लागते: निर्देशांकाला स्वतःची उलाढाल नसते, म्हणून त्याचं व्हॉल्यूम प्रोफाइल काढायचं तर वायद्याचे नग घ्यावे लागतात. वेळ श्रेष्ठ की नग श्रेष्ठ, या वादात मला फारसा अर्थ दिसत नाही. दोन्ही आकृत्यांचे फुगवटे एकाच जागी आले तर विश्वास वाढवावा, वेगळे आले तर का आले ते शोधावं.

आता त्या भागाकडे येतो जो आपल्याकडे जवळजवळ विसरला गेला आहे. शिकागोत ही आकृती एकटी नव्हती. तिच्या जोडीला लिक्विडिटी डेटा बँक नावाची नोंद होती. बाजार संपल्यावर एक्स्चेंज प्रत्येक भावाला किती नग गेले हे सांगायचंच, वर ते कुणी केले हेही गटवार सांगायचं: पिटमधले स्थानिक ट्रेडर किती, मोठे व्यापारी सभासद किती, बाहेरचे ग्राहक किती. 'बाजाराने भाव स्वीकारला' या वाक्यातला बाजार म्हणजे कोण, हे त्यातून कळायचं. दिवसभर एका पातळीवर स्थानिक ट्रेडरच एकमेकांना माल विकत असतील, तर तो फुगवटा भरदार दिसूनही पोकळ असायचा. आज आपल्या पडद्यांवर आकृती आली, पण तिचा हा अर्धा भाग आला नाही. राष्ट्रीय शेअर बाजार रोज संध्याकाळी परकीय संस्था, देशी संस्था, प्रोप्रायटरी ट्रेडर आणि ग्राहक अशा चार गटांचे उघडे सौदे आणि उलाढाल जाहीर करतो. ती माहिती मोलाची आहे, पण ती साऱ्या दिवसाची बेरीज असते. कुठल्या भावाला कोण उभं होतं, हे त्यातून समजत नाही.

ही उणीव पुस्तकी नाही, हे एक्स्पायरीच्या दिवशी कळतं. निर्देशांकाच्या ऑप्शनचा अखेरचा हिशेब दिवसाच्या बंद पातळीवर होतो आणि ती पातळी शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीवरून निघते. तो अर्धा तास, तीन ते साडेतीन, आपल्या अक्षरांत 'एल' आणि 'एम'मध्ये विभागला जातो. त्या वेळी भाव एखाद्या आकड्याला चिकटून राहिला, तर त्यामागे मूल्याचा विचार असेलच असं नाही. ऑप्शनच्या मोठ्या पोझिशनचं ओझं असू शकतं. सेबीने 3 जुलै 2025च्या अंतरिम आदेशात जेन स्ट्रीट या अमेरिकी समूहावर असा आरोप ठेवला की, 17 जानेवारी 2024ला, बँक निफ्टीच्या एक्स्पायरीच्या दिवशी, त्याने सकाळी बँकांचे शेअर आणि वायदे मोठ्या प्रमाणावर घेतले, नंतर विकले, आणि त्याच वेळी ऑप्शनमध्ये त्याहून कितीतरी मोठी उलट बाजू धरली. 4,843 कोटी रुपये रोखून धरण्याचा आदेश झाला. समूहाने आरोप नाकारले असून प्रकरण अपिलात गेलं. निकाल काहीही लागो, आपल्या प्रश्नासाठी धडा स्पष्ट आहे. आदेशात वर्णन केलेल्या सकाळी एखाद्याने टीपीओ मांडले असते, तर त्याला वरच्या भावाचा स्वीकार दिसला असता. तो स्वीकार किती जणांचा होता, हे तक्ता सांगू शकला नसता.

आणि हाच तक्ता आज कुणाच्या हातात आहे? सेबीच्या सप्टेंबर 2024च्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांवर गेला. 2024-25 मध्येही 91 टक्के तोट्यातच राहिले. 2023-24 मध्ये परकीय गुंतवणूकदार आणि प्रोप्रायटरी ट्रेडर यांच्या नफ्यापैकी 96-97 टक्के अल्गोरिदमच्या सौद्यांतून आला होता. नव्या आकृतीने हे गणित उलटतं असं सांगून जो शिकवणी विकतो, तो शिकणाऱ्याच्या घरच्या पैशांशी खेळतो. कळंबोली-रोडपालीत पगार आणि गृहकर्जाचा हप्ता सांभाळून सकाळी सव्वानऊला मोबाइल उघडणारी तरुण मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मी स्पष्ट लिहितो: पॉइंट ऑफ कंट्रोल पाहून साप्ताहिक ऑप्शन घेणं हा या पद्धतीचा सगळ्यांत वाईट वापर आहे. भावाची दिशा बरोबर निघाली तरी ऑप्शनचं प्रीमियम वेळेबरोबर झिजतं, आणि संतुलनाचा दिवस ओळखल्याचा सगळा आनंद त्या झिजेत जातो.

चांगला वापर संथ आहे. आठवड्यांच्या, महिन्यांच्या नोंदी एकत्र करून प्रोफाइल काढलं तर दिवसाच्या घड्याळाच्या बऱ्याच अडचणी विरून जातात आणि एखाद्या शेअरने सहा महिने कुठल्या पट्ट्यात काढले ते स्वच्छ दिसतं. दीर्घ मुदतीचा गुंतवणूकदार आपली टप्प्याटप्प्याची खरेदी त्या पट्ट्याच्या संदर्भात ठेवू शकतो. ज्या पातळ्यांवर बाजार जेमतेम थांबला तिथे मोठी ऑर्डर एका फटक्यात टाकणं महाग पडतं, कारण समोर माल घेणारे-देणारे कमी असतात. तळोज्याच्या कारखानदारालाही हे ठाऊक असलेलं बरं.

मला या आढाव्यातून एक मागणी पुढे ठेवायची आहे. निफ्टीच्या वायद्यांत प्रत्येक भावाला चार गटांपैकी कुणी किती नग केले, हे बाजार बंद झाल्यावर एक्स्चेंजने जाहीर करावं. शिकागोत चाळीस वर्षांपूर्वी, माणसं ओरडून सौदे करत असताना, हे जमत होतं. आपल्याकडे प्रत्येक ऑर्डरवर ग्राहकाचा संकेतांक असतो, वेळेचा शिक्का असतो आणि गटवार बेरीज रोज होतेच. ती भावाच्या ओळींनुसार मांडायची एवढंच काम उरतं. कुणाचंही नाव उघड होत नाही, दिवस संपलेला असल्याने चालू सौद्यांना धक्का बसत नाही. सेबीने ऑक्टोबर 2024 मध्ये साप्ताहिक एक्स्पायरी कमी केल्या, सौद्याचा किमान आकार वाढवला, म्हणजे लहान माणसाला दूर ठेवायचे उपाय झाले. जो तरीही राहणार आहे, त्याला मोठ्यांच्या टेबलावरची ही एक नोंद संध्याकाळी तरी मिळावी.